चित्रातील विशेष परिणाम : साधने, उपयोग आणि मर्यादा

हैदराबाद शहरातील कोठी आणि मोअज्जमजाही मार्केट यांच्या परिसरात जामबाग नावाचा भाग आहे. फुलांच्या बाजारासाठी तो अनेक वर्षे ओळखला जात आला. मराठी माणसाला मात्र तो आणखी एका कारणाने जवळचा वाटतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था येथेच आहे. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या पुढाऱ्यांची नावे या संस्थेशी निगडित आहेत. १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत मराठवाडा हा हैदराबाद संस्थानाचा आणि पुढे हैदराबाद राज्याचा भाग होता. राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी या शहरातील मराठी घरे, ग्रंथालये आणि साहित्यसंस्था तेथेच राहिल्या.

गेल्या वर्षी फेब्रुवारी महिन्यात जामबागेत बहिणीच्या घरी जाण्याचा योग आला. माझी भाची २७ फेब्रुवारीच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी साजऱ्या होणाऱ्या मराठी भाषा गौरव दिनाच्या, वाचन कार्यक्रमासाठी एक भित्तिपत्रक तयार करीत होती. कागद नव्हता, कुंचला नव्हता. हातात टॅब्लेट आणि त्यावरील चित्रकलेचे अ‍ॅप. चित्र होते फुलांच्या दुकानाचे : संध्याकाळची वेळ, झेंडूचे ढीग, वर लोंबणारा दिवा, आणि दिव्याखाली पुस्तक वाचणारी फूलवाली. चित्र सुरेख होते. तरीही ती म्हणाली, “मामा, परिणाम जितके जास्त दिले, तितकं चित्र बिघडत चाललंय. असं का होतं?”

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. ग्रामपंचायतीची सूचना, शाळेचा हस्तलिखित अंक, उत्सव मंडळाचा फलक आणि शासकीय कार्यालयाचे भित्तिपत्रक ही सर्व कामे आज संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर होतात. या अ‍ॅपमधील विशेष परिणामांची साधने कशी चालतात, त्यांचा उपयोग कोठे करावा आणि हात कोठे आवरावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नव्या साधनांचे जुने मूळ

हे परिणाम संगणकाने निर्माण केले, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. शिळाछापावर रंगीत चित्रे छापताना प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरीत आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवीत. लोणावळ्याजवळील मळवली येथे राजा रविवर्मा यांच्या नावाने चाललेल्या छापखान्यातून देवदेवतांची जी चित्रे घरोघर गेली, ती याच पद्धतीची होत. या छापखान्यासाठी काम केलेले धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांनी पुढे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आणि १९१७ मध्ये ‘लंकादहन’ हे चित्रपट काढले. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करणे, कॅमेरा थांबवून मधेच दृश्य बदलणे, अशा युक्त्यांनी त्यांनी पडद्यावर चमत्कार उभे केले. सिकंदराबादेत स्टुडिओ असलेले विख्यात छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या काळीही छायाचित्रावर हाताने रंग भरण्याची कला प्रचलित होती.

अंधाऱ्या खोलीत छायाचित्र छापताना एखादा भाग हाताने झाकून उजळ ठेवणे किंवा अधिक प्रकाश देऊन गडद करणे, या जुन्या कृतींची इंग्रजी नावे ‘डॉज’ आणि ‘बर्न’ अशी होती. आजच्या अ‍ॅपमध्ये हीच नावे कायम आहेत. थॉमस व जॉन नोल या बंधूंनी घडविलेली फोटोशॉप ही प्रणाली १९९० साली बाजारात आली आणि १९९४ मध्ये तिला स्तरांची जोड मिळाली. आज क्रिटा आणि गिम्प यांसारख्या विनामूल्य व मुक्त प्रणालींतही ही साधने आहेत. सारांश, साधन नवे असले तरी त्यामागील कारागिरी जुनी आहे, आणि ती कागदावरही शिकता येते.

पाठ पहिला : स्तर

अ‍ॅपमध्ये ज्याला ‘लेअर’ म्हणतात तो स्तर म्हणजे चित्रावर ठेवलेला पारदर्शक कागद होय. खालच्या स्तरावर रेखाटन, त्यावर रंग, त्यावर सावली, त्यावर उजेड आणि सर्वांत वर अक्षरे अशी मांडणी करावी. एका स्तरावरील चूक पुसताना दुसऱ्या स्तराला धक्का लागत नाही. स्तराची ‘ऑपॅसिटी’ म्हणजे त्याची दाटी. ती कमी केली की खालचे चित्र दिसू लागते.

पहिला नियम येथेच सांगावयास हवा : मूळ स्तरावर परिणाम कधीही देऊ नये. त्याची प्रत काढावी आणि परिणाम प्रतीवर द्यावा. नको वाटल्यास प्रत काढून टाकता येते.

ज्या शाळेत टॅब्लेट नाही, तेथे शिक्षकांनी तीन बटरपेपर घ्यावेत. एकावर झाड, दुसऱ्यावर घर, तिसऱ्यावर माणूस काढून ते एकमेकांवर ठेवावेत आणि त्यांचा क्रम बदलून दाखवावा. माणूस घरापुढे आहे की घराआड, हे केवळ क्रमावर ठरते, ही गोष्ट मुलांना लगेच उमगते.

पाठ दुसरा : सावली आणि उजेड

दोन स्तर एकमेकांत कसे मिसळावेत हे ठरविणाऱ्या रीतींची यादी अ‍ॅपमध्ये लांबलचक असते. नवशिक्याने त्यांपैकी तीनच शिकाव्यात : गुणाकाराची ‘मल्टिप्लाय’, पडद्याची ‘स्क्रीन’ आणि बेरजेची ‘अ‍ॅड’.

पडद्यावरील प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे प्रमाण सामान्यतः ० ते २५५ या आकड्यांनी मोजतात. ० म्हणजे पूर्ण काळोख आणि २५५ म्हणजे पूर्ण उजेड. खालच्या स्तराचा आकडा २०० आणि वरच्या स्तराचा १५० आहे असे धरू. गुणाकाराच्या रीतीत दोहोंचा गुणाकार करून २५५ ने भागतात; उत्तर सुमारे ११८ येते. म्हणजे रंग दोहोंपेक्षाही गडद होतो. सावलीसाठी ही रीत योग्य, कारण झेंडूवर निळसर सावली टाकली तरी पाकळ्यांचा तपशील तिच्याखाली कायम राहतो.

पडद्याच्या रीतीत याच्या उलट घडते. दोन्ही आकड्यांतील काळोखाचा गुणाकार होतो आणि उत्तर सुमारे २३२ येते. रंग दोहोंपेक्षा उजळ होतो. बेरजेच्या रीतीत २०० आणि १५० मिळून ३५० होतात. पण मर्यादा २५५ ची असल्याने हिशेब तेथेच थांबतो. उरलेले ९५ वाया जातात, आणि त्यांच्यासोबत त्या जागेचा तपशीलही जातो. दिव्याभोवतीची फुले एकसारख्या पांढऱ्या डागात बुडतात ती यामुळेच. बेरजेची रीत दिव्याच्या तारेपुरती, ठिणगीपुरती वापरावी. पसरट उजेडासाठी पडद्याची रीत घ्यावी.

वर्गात हा पाठ रंगीत जिलेटिन कागदांनी देता येतो. पिवळा आणि निळा कागद एकमेकांवर धरून खिडकीकडे पाहिले, की जेथे दोन्ही येतात तेथे रंग गडद दिसतो. हा गुणाकार. अंधाऱ्या वर्गात भिंतीवर दोन विजेऱ्यांचे झोत एकमेकांवर टाकले, की तो भाग अधिक उजळतो. ही बेरीज. एवढा प्रयोग पाहिलेल्या मुलाला अ‍ॅपमधील यादी पाठ करावी लागत नाही.

पाठ तिसरा : धूसरता

‘ब्लर’ या साधनाने चित्र धूसर होते. याची क्रिया अगदी साधी आहे. प्रत्येक बिंदू आपल्या शेजाऱ्यांशी सरासरी करतो. एका ओळीत ०, ०, ०, २५५, २५५, २५५ असे सहा बिंदू असतील, तर काळ्या-पांढऱ्याची सीमा स्पष्ट दिसते. प्रत्येकाने आपल्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी सरासरी केली, की तीच ओळ ०, ०, ८५, १७०, २५५, २५५ अशी होते. सीमा विरघळते. जर्मन गणिती गाउस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात जवळच्या शेजाऱ्याला अधिक आणि दूरच्याला कमी वजन दिले जाते, म्हणून तेथील धूसरता नैसर्गिक वाटते.

धूसरता म्हणजे काही माहिती पुसणे. त्यामुळे जे महत्त्वाचे नाही तेच धूसर करावे. भाचीच्या चित्रात मागील रस्ता, रिक्षा आणि गर्दी धूसर करताच फूलवाली आणि तिच्या हातातील पुस्तक पुढे आले. येथे परिणामाने खरोखर काम केले. मात्र तीच धूसरता तिने फुलांवरही चढवली, तेव्हा फुलांचा ओलसर ताजेपणा गेला.

पाठ चौथा : तेजोवलय आणि एक चूक

‘ग्लो’ म्हणजे तेजोवलय हे सर्वांचे आवडते साधन. वास्तविक ते वेगळे साधन नव्हेच. आकृतीची प्रत काढली, तिला धूसर केले आणि पडद्याच्या किंवा बेरजेच्या रीतीने मूळ आकृतीवर ठेवले, की तेजोवलय तयार होते. दुसरा व तिसरा पाठ एकत्र केला, की चौथा होतो. दिव्याला ते शोभते, कारण दिवा स्वतः प्रकाश देतो. अक्षर प्रकाश देत नाही. ते वाचावयाचे असते.

हे मला एका चुकीतून कळले. शासकीय सेवेत नवा असताना एका तालुक्याच्या गावी होणाऱ्या नेत्रतपासणी शिबिराचे भित्तिपत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. उगवत्या सूर्याचे पिवळे आकाश, त्यावर पांढरी अक्षरे आणि अक्षरांभोवती झगझगीत वलय. संगणकाच्या पडद्यावर ते पत्रक पाहून मी स्वतःवरच खूश झालो. शिबिराची तारीख ११ होती. छपाईत वलयाचा रंग पसरला आणि अंकांची वळणे त्यात बुजली. शिबीर पार पडले. त्यानंतर आठ दिवसांनी, १९ तारखेला, एक वृद्ध गृहस्थ नातवाचा हात धरून आमच्या कार्यालयाच्या दारात उभे राहिले. त्यांनी घडी घातलेले पत्रक पुढे केले आणि म्हणाले, “साहेब, कागदावर एकोणीस लिवलंय. डाक्टर कुठं बसल्यात?”

१ आणि ९ या अंकांतील भेद केवळ एका वळणाचा. ज्यांची दृष्टी अधू, त्यांच्यासाठीच तो कागद होता, आणि त्यांनाच तो वाचता आला नाही. त्या गृहस्थांची तपासणी पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. पण त्यासाठी त्यांना एस. टी. चा आणखी एक प्रवास करावा लागला. ते पत्रक मी आजही जपून ठेवले आहे.

देवनागरी अक्षरे आणि परिणाम

देवनागरी लिपीत अर्थभेद फार लहान जागेत मावलेला असतो. ‘व’च्या पोटातील एक तिरकी रेघ ‘ब’ घडविते. ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘म’ आणि ‘भ’ यांतील भेद पुष्कळसा शिरोरेषेतील मोकळ्या जागेवर अवलंबून असतो. अनुस्वार तर एका टिंबाएवढा. तो धूसर झाला की ‘मंद’चे ‘मद’ होते. जाड कडा, पडछाया आणि तेजोवलय ही तिन्ही साधने नेमक्या याच मोकळ्या जागा भरून टाकतात. लॅटिन लिपीसाठी तयार केलेले परिणामांचे नमुने मराठी शीर्षकावर जसेच्या तसे चढवू नयेत, याचे कारण हेच.

दुसरी अडचण अक्षरजुळणीची. काही अ‍ॅपमध्ये मराठी मजकूर टाकला की ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी जाते किंवा जोडाक्षरे सुटी होतात. भाचीच्या पत्रकात ‘दिन’ या शब्दाची वेलांटी ‘द’ सोडून ‘न’वर जाऊन बसली होती. घाईत तिच्या ते ध्यानात आले नव्हते. अशा वेळी युनिकोड मजकूर नीट जुळविणाऱ्या दुसऱ्या प्रणालीत शीर्षक तयार करावे, पारदर्शक पार्श्वभूमीच्या चित्राच्या स्वरूपात साठवावे आणि मग अ‍ॅपमध्ये आणावे. त्याहून उत्तम म्हणजे शीर्षक हातानेच रेखाटावे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडविलेले मुक्ता, बलू असे सुवाच्य देवनागरी टंक विनामूल्य मिळतात. त्यांचाही उपयोग करता येतो.

अक्षरांमागे चित्र असेल, तर अक्षरांना वलय देण्याऐवजी त्यांच्यामागील चित्र गडद करावे किंवा एक साधी पट्टी घालावी. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचे प्रमाण संकेतस्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामान्य मजकुरासाठी किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ ला १ असावे लागते. भित्तिपत्रकालाही हे माप उपयोगी पडते. आकडेमोड जमत नसेल, तर चित्राची काळी-पांढरी प्रत काढून पाहावी. तीत अक्षरे उठून दिसली नाहीत, तर रंगीत प्रतीतही ती दुरून दिसणार नाहीत.

पडद्यावरून कागदावर

पडदा स्वतः प्रकाश टाकतो. कागद केवळ परावर्तित करतो. त्यामुळे पडद्यावरील झगमगीत हिरवा, निळा किंवा केशरी रंग छपाईच्या शाईत तसाच उतरत नाही, आणि वलयाची तर मळकट छटा होते. अंतिम निर्णय नमुना प्रत छापून, ती दिवसाच्या उजेडात पाहूनच घ्यावा.

आकारमानाचीही काळजी घ्यावी. ए-३ आकाराचे पत्रक दर इंचास ३०० बिंदू या दराने छापावयाचे असेल, तर चित्रफलक ३,५०८ गुणिले ४,९६१ बिंदूंचा घ्यावा लागतो. १,०८० बिंदू रुंदीच्या लहान चित्रावर १० बिंदूंची धूसरता जशी दिसते, तशी मोठ्या फलकावर दिसण्यासाठी सुमारे ३२ बिंदूंची धूसरता लागते. म्हणून फलकाचा आकार आधी ठरवावा आणि परिणाम सर्वांत शेवटी द्यावेत.

छायाचित्राची मर्यादा

चित्रकार आपल्या कल्पनेतील दिव्याला हवे तितके तेज देऊ शकतो. छायाचित्राची गोष्ट वेगळी आहे. पीकनुकसानीचा पंचनामा, पूरग्रस्त वस्ती, पूर्ण झालेला रस्ता किंवा पाणीपुरवठ्याची टाकी यांचे छायाचित्र हा पुरावा असतो. संपूर्ण छायाचित्राचा उजेड किंचित सुधारणे, तिरकी चौकट सरळ करणे, एवढे क्षम्य आहे. ढग गडद करणे, गर्दी वाढविणे, खड्डा पुसणे किंवा हिरवळ उगविणे क्षम्य नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने वस्तू पुसण्याची आणि नव्या वस्तू घालण्याची साधने आता भ्रमणध्वनीवरही आली आहेत. त्यामुळे हा मोह वाढला आहे. नियोजित कामाचे काल्पनिक दृश्य छापताना त्याखाली ‘संकल्पचित्र’ असे स्पष्ट लिहावे, आणि प्रत्येक छायाचित्राची मूळ प्रत दप्तरी ठेवावी. शेतकऱ्याच्या उद्ध्वस्त शेताच्या छायाचित्राला एकदा खोटेपणाचा संशय चिकटला, की त्याचे खरे नुकसानही कोणी मानत नाही.

शिक्षकांनी काय करावे

शासकीय रेखाकला परीक्षांची, म्हणजे एलिमेंटरी व इंटरमिजिएटची, तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना अ‍ॅप वर्ज्य करण्याची आवश्यकता नाही. तसेच अ‍ॅपमुळे पेन्सिल सुटू देण्याचेही कारण नाही. प्रकाश कोठून येतो, सावली कोणत्या बाजूला पडते, कडा कोठे तीक्ष्ण आणि कोठे मऊ दिसते, हे वस्तू समोर ठेवून पाहिल्यावाचून कळत नाही. ते कळले की साधन कोणतेही चालते. विद्यार्थ्याने दिलेल्या प्रत्येक परिणामाबद्दल त्याला एकच प्रश्न विचारावा : “याने काय दिसू लागले?” उत्तर देता आले नाही, तर तो स्तर काढून टाकावा.

पत्रक प्रसिद्ध करण्यापूर्वी पुढील चार गोष्टी तपासाव्यात :

१. सर्व परिणामांचे स्तर बंद करून मूळ चित्र स्वतःच्या बळावर उभे राहते काय?
२. काळ्या-पांढऱ्या प्रतीत तारीख, वेळ व स्थळ स्पष्ट वाचता येते काय?
३. वेलांट्या, अनुस्वार व जोडाक्षरे यथास्थित आहेत काय?
४. हे पत्रक ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्यापैकी एकाने ते दुरून वाचून पाहिले काय?

यांपैकी चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची. जामबागेतील त्या घरी आम्ही तीच लावली. भाचीच्या आजींचे शिक्षण निजामाच्या काळी मराठी शाळेत झालेले. त्या खोलीच्या एका टोकाला बसल्या होत्या. दुसऱ्या टोकाला टॅब्लेट धरला. आजी म्हणाल्या, “दिवा छान लागलाय गं. पण तारीख कुठली ते कळत नाही.” भाचीने अक्षरांचे वलय काढले, त्यांच्यामागील आकाश गडद केले, ‘दिन’ची वेलांटी जागेवर आणली आणि तेज केवळ दिव्यापाशी ठेवले. अकरा परिणामांपैकी तीन उरले. मग आजींनी चष्मा न लावता तारीख, वेळ, स्थळ आणि कार्यक्रमाचे नावही वाचून दाखविले.

ज्या शहरात मराठी वाचणारी नवी पिढी प्रयत्नपूर्वक घडवावी लागते, तेथे मराठी पत्रकावरील एकही अक्षर वाया जाता कामा नये. आपल्या गावांतही याहून निराळे काही नाही. फलक पाहून लोकांनी ‘वा’ म्हणावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. पण फलक वाचून माणूस योग्य दिवशी योग्य ठिकाणी पोहोचला पाहिजे. परिणामांची साधने त्या कामी येतील तेवढीच वापरावीत.